छोट्या कुटुंबाच्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी गाडी कशी निवडावी: सुरुवात दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरपासून

योसेमिटीच्या आसपासच्या हॉटेलांचे उन्हाळ्यातले दर आणि संध्याकाळी गरम वरणभात मिळावा ही इच्छा, या दोन गोष्टींमुळे कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच मराठी घरांत कधी ना कधी ट्रॅव्हल ट्रेलरचा विषय निघतो. आमच्याकडेही तसाच निघाला होता. आता ओळखीतल्या कुणाच्या घरी निघाला की मला फोन येतो, आणि प्रश्न ठरलेला असतो: "आमची हायलँडर पाच हजार पौंड ओढते. साडेतीन हजारांचा ट्रेलर बघून ठेवलाय. चालेल ना?"

ओढेल की. ओढण्याबद्दल मला शंका नसते. पण ट्रेलर गाडीच्या मागून नुसता चालत येत नाही, आपल्या वजनाचा दहावा-आठवा हिस्सा तो गाडीच्या पाठीवर टाकतो. त्या गाडीत आधीच चार-सहा माणसं, बॅगा आणि खाऊचे डबे असतात. कुटुंबाच्या गाडीची हद्द संपते ती इथे. इंजिनात दम शिल्लक असतो, मागचा ॲक्सल आणि टायर मात्र भरलेले असतात. म्हणून गाडी निवडताना ती किती ओढते हे नंतर बघा, अंगावर किती घेते हे आधी बघा. पुढचे सगळे आकडे पौंडांत आहेत. १,००० पौंड म्हणजे साधारण ४५४ किलो.

आधी माणसं मोजा

ट्रेलर किती जणांचा हवा, हे घरातल्या रोजच्या माणसांवरून ठरवू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात, आणि ट्रेलर बाहेर काढायचे महिनेही तेच. चौघांसाठी घेतलेली व्यवस्था जूनमध्ये सहा जणांची होते. हे सहा जण एकाच गाडीतून जाणार की दोन गाड्या नेणार, हा प्रश्न घरात बसून आत्ताच सोडवा. त्याच्या उत्तराने गाडीचा वर्गच बदलतो.

त्यानंतर प्रत्येकाचं वजन खरंखरं लिहून काढा. मुलांचं आजचं नको, तीन वर्षांनंतरचं धरा. आमचा मोठा मुलगा या काळात पस्तीस पौंडांनी वाढला. गाडी तीच राहिली.

ट्रेलरचं खरं वजन काढा

माहितीपत्रकावर ठळक छापलेलं असतं ते कोरडं वजन. पाणी नाही, सामान नाही, बहुतेक वेळा बॅटरीही नाही. त्या वजनाने ट्रेलर आयुष्यात एकदाच धावतो, कारखान्यातून डीलरकडे येताना. तुमच्या कामाचे आकडे दोन. एक जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सामानासकट ट्रेलरचं जास्तीत जास्त परवानगीचं वजन. दुसरा, सामानासाठी किती पौंड मोकळे आहेत. दोन्ही ट्रेलरच्या स्टिकरवर सापडतात.

आता भर घालू. पाणी एका गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे वीस गॅलनची टाकी भरली की १६७ पौंड. नेहमीच्या प्रोपेन सिलिंडरमधला गॅस २० पौंड. बॅटरी पन्नासच्या आसपास. पुढे अंथरुणं, खुर्च्या, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, चाकांखाली लावायचे ठोकळे, कपडे, शिधा. मी एका शनिवारी बाथरूममधला वजनकाटा गराजमध्ये नेला आणि एकेक खोकं त्यावर ठेवून आकडे लिहिले. कुकर, कढई, तवा, पोळपाट-लाटणं आणि मसाल्याचा डबा एवढ्याचंच एक खोकं ३८ पौंडांचं भरलं. तांदूळ, डाळी आणि कणीक धरून दुसरं ४१. चौघांच्या कुटुंबाचं ट्रेलरमधलं सामान ५०० पौंडांच्या खाली क्वचितच राहतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवू. कोरडं वजन ३,१५०. त्यात पाणी १६७, गॅस २०, बॅटरी ५० आणि सामान ५०० मिळवलं की होतात ३,८८७. आपण ३,९०० धरू. हा अंदाज करायचा कंटाळा असेल तर सरळ जीव्हीडब्ल्यूआर हेच ट्रेलरचं वजन समजून चाला. त्यात चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते.

पिवळ्या स्टिकरपाशी जा

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर टायरमधल्या हवेचा दाब सांगणारं पांढरं-पिवळं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हाच पेलोड. जाहिरातीतला किंवा वेबसाइटवरचा आकडा घेऊ नका, त्याच गाडीच्या दारावरचा घ्या. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत दोनशे पौंडांचा फरक सहज पडतो. काचेचं छत, विजेवर हलणाऱ्या सीट, मोठी चाकं असं सगळं असलेल्या महागड्या ट्रिमचा पेलोड साध्या ट्रिमपेक्षा कमी भरतो, कारण ते वजन यातूनच वजा झालेलं असतं. गाडी घेतल्यानंतर बसवलेल्या पायऱ्या किंवा छतावरचं रॅक मात्र स्टिकरने धरलेलं नसतं, ते तुम्ही वजा करायचं.

शोरूममध्ये मी आधी दार उघडून स्टिकरचा फोटो काढतो, विक्रेत्याशी बोलणं त्यानंतर. आम्ही पहिल्यांदा चौकशी केली तेव्हा एका विक्रेत्याने "या गाडीला हे काहीच नाही" असं सांगितलं होतं. स्टिकरचं नाव त्याने काढलं नाही आणि मलाही ते विचारायचं सुचलं नव्हतं.

आता हिशेब. ट्रेलरचा गाडीवर येणारा भार म्हणजे टंग वेट. तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. ३,९०० ला साधारण १३ टक्के धरले तर ५०० पौंड. भार वाटून देणारी हिच, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणारा सांधा, ७५ पौंड. आम्ही दोघं १८० आणि १४०, मुलं ११० आणि ७५, एकूण ५०५. बेरीज १,०८०. समजा स्टिकरवर १,२५० लिहिलंय. १७० पौंड उरले, त्यात डिकीतल्या बॅगा बसवा. जमलं, पण काठोकाठ.

आता आजी-आजोबा बसले, १३० आणि १५५. बेरीज १,३६५. एकही बॅग न ठेवता गाडी ११५ पौंडांनी जास्त भरली. कागदावर मात्र ओढण्याची क्षमता ५,०००, ट्रेलर ३,९००, म्हणजे ११०० पौंड शिल्लकच दिसत राहतात. फोनवरच्या त्या प्रश्नाला मी लगेच "हो" का म्हणत नाही, ते या एका हिशेबात आहे.

पाच हजार हा आकडा येतो कुठून

अमेरिकेत बहुतेक कंपन्या ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी एसएई जे२८०७ हे मानक वापरतात. त्यातली चढाची परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे: ११.४ मैलांचा सलग चढ, रणरणतं ऊन, एसी पूर्ण जोरात चालू. परीक्षा कडक आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण तिच्यात गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. तिसऱ्या माणसापासून पुढचं सगळं वजन तुमच्या ट्रेलरच्या वाट्यातून जातं.

म्हणून मॅन्युअलमधला आणखी एक आकडा शोधा, जीसीडब्ल्यूआर. गाडी, माणसं, सामान आणि ट्रेलर सगळं मिळून कमाल किती, ते हा सांगतो. त्यातून भरलेल्या गाडीचं वजन वजा करा. उरेल तेवढाच ट्रेलर तुमचा. काही मॅन्युअलमध्ये, होंडाच्या ओडिसी आणि पायलटच्या उदाहरणार्थ, प्रवासी वाढले की ट्रेलरचं परवानगीचं वजन कसं उतरतं याचा तक्ताच दिलेला असतो. गाडी घेण्याआधी मॅन्युअल इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. ट्रेलरचं प्रकरण पंधरा-वीस पानांचं असतं. ते पूर्ण वाचा, टंग वेटची मर्यादा वेगळी लिहिलेली असते तीही बघा. ५,००० ची क्षमता असलेल्या गाडीला ती बहुधा ५०० असते, म्हणजे आपलं उदाहरण तिथेही काठावरच आहे.

कोणती गाडी कशासाठी

सिएना आणि ओडिसी, आपल्या लोकांच्या लाडक्या मिनीव्हॅन, ३,५०० पौंडांपर्यंत. चाकांमधलं अंतर लांब असल्यामुळे त्या मागे ट्रेलर असताना रस्त्यावर स्थिर वाटतात, पण माणसांनी भरल्या की पेलोड संपतो. त्यांच्यामागे घडी होणारा पॉप-अप किंवा स्कँपसारखा १३ फुटी फायबरग्लासचा ट्रेलर शोभतो. बंक बेडवाला १७ फुटी नको.

तीन रांगांच्या मध्यम एसयूव्ही साधारण ५,००० च्या: पेट्रोल हायलँडर, टेल्युराइड, ॲटलस, असेंट. इथे एक मोठा खड्डा आहे. हायलँडर हायब्रिडची क्षमता ३,५०० च आहे. पायलट चारही चाकांना ताकद देणारी असेल तर ५,०००, पुढच्याच चाकांची असेल तर ३,५००. मागचं नाव तेच, रंगही तोच, फरक दीड हजार पौंडांचा. वापरलेली गाडी घेताना तर हे दहादा तपासा. चौघांच्या घराला, १६-१७ फुटी हलक्या बंकहाउससाठी, म्हणजे बंक बेडवाल्या ट्रेलरसाठी, हा वर्ग हिशेब करून चालतो. सहा जणांना नाही.

त्याच्या वर ग्रँड चेरोकी आणि डुरँगो, व्ही६ इंजिनात ६,२०० पर्यंत. आणखी वर टाहो, एक्स्पिडिशन, सेक्वोया. सहा माणसं आणि ट्रेलर एकाच गाडीने न्यायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: या शेवटच्या तिघींपैकी एक घ्या, किंवा आई-बाबांसाठी दुसरी गाडी न्या. दुसरी गाडी नेण्यात कमीपणा काही नाही. कँपवर ट्रेलर लावून ठेवला की दूध आणायला ती उपयोगीच पडते. चौघांसाठी चार दारांचा पूर्ण आकाराचा पिकअप, एफ-१५० किंवा सिल्व्हेराडो, सगळ्यात निश्चिंत. रोज शाळेत सोडायला आणि पार्किंगला तो आवडेल का, हे ज्याने-त्याने ठरवावं.

विजेच्या गाड्या ताकदीने ओढतात, मॉडेल वाय ३,५०० पर्यंत आणि रिव्हियन आर१एस ७,७०० पर्यंत. पण ट्रेलर लावला की एका चार्जमधलं अंतर साधारण निम्म्यावर येतं, आणि बऱ्याच चार्जरपाशी ट्रेलर सोडूनच गाडी लावावी लागते. दोन लहान मुलं घेऊन दर शंभर मैलांवर हे करायची तयारी असेल तरच. पेट्रोल गाडीचंही ॲव्हरेज निम्मं होतंच. अठरा गॅलनची टाकी आणि गॅलनला दहा मैल म्हटलं की १८० मैल, तेही शेवटच्या थेंबापर्यंत.

टो पॅकेज कारखान्यातूनच हवं

मागे हिच खोवायची चौकोनी नळी, म्हणजे रिसीव्हर, दिसली म्हणजे गाडी ओढायला तयार, असं नसतं. रिसीव्हर कुणीही नंतर बसवून घेऊ शकतो आणि त्याने गाडीची क्षमता एका पौंडानेही वाढत नाही. कारखान्यातल्या टो पॅकेजमध्ये गाडीनुसार ट्रान्समिशनचं तेल थंड ठेवणारा कूलर, मोठा रेडिएटर पंखा, सात पिनांचं वायरिंग असं येतं. चार पिनांचं सॉकेट असेल तर त्यावर फक्त दिवे चालतात. ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकसाठी सात पिना लागतात.

रिसीव्हर सव्वा इंची असेल तर तो हलक्या वर्गाचा, साधारण ३,५०० पौंडांपर्यंत. दोन इंची हवा. त्यावर वजन आणि टंग वेटची मर्यादा छापलेली असते, खाली वाकून वाचा. या सगळ्या साखळीत सगळ्यात छोटा आकडा जिथे असेल, तोच तुमचा आकडा.

भार वाटून देणाऱ्या हिचबद्दल: टंगच्या भाराने गाडीची शेपटी बसते आणि पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. या हिचच्या स्प्रिंगच्या दांड्या त्यातला काही भार परत पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. उत्तम वस्तू आहे. पण काही गाड्यांचं मॅन्युअल ती वापरू नका म्हणतं, आणि कुठल्याच गाडीचा पेलोड ती वाढवत नाही.

ब्रेक कंट्रोलर घ्याच, आणि गाडी जितक्या जोराने थांबते त्या प्रमाणात ट्रेलरचा ब्रेक लावणारा घ्या. कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांच्या वरच्या कँप ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं कायद्याने लागतं. बऱ्याच राज्यांत ही मर्यादा ३,००० आहे. कायदा काहीही असो, मुलं मागे बसलेली असताना दोन टनांचं धूड गाडीच्या ब्रेकवर सोडू नये.

वारा, लांबी आणि घाट

वजनाइतकाच वारा महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आठ फूट रुंद, दहा फूट उंच ट्रेलर म्हणजे समोरून येणाऱ्या हवेला ऐंशी चौरस फुटांची भिंत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पुष्कळ मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते. मध्यम एसयूव्ही असेल तर सात फूट रुंदीचे, गोल नाकाचे ट्रेलर आधी बघा. ढोबळ हिशेब असा सांगतात की चाकांमधलं अंतर ११० इंच असेल तर २० फुटी ट्रेलर, आणि पुढे दर चार इंचांना एक फूट. काटेकोर नियम नव्हे, पण डोळ्यासमोर ठेवण्यासारखा आहे.

आमची पहिली सहल भाड्याच्या १७ फुटी ट्रेलरची होती. सायकली, पाण्याचे कॅन आणि कोळशाची पोती मी जागा दिसली म्हणून ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरली. मागे वजन गेलं की पुढचा टंगचा भार उचलला जातो, हे तेव्हा डोक्यात नव्हतं. ऑल्टामाँट पासवर पवनचक्क्यांच्या रांगांमधून ट्रेसीकडे उतरत होतो. बाजूने एक लांब ट्रक गेला. आधी ट्रेलर उजवीकडे ढकलला गेला, ट्रक पुढे सरकल्यावर डावीकडे ओढला गेला, आणि मग तो थांबेना. आरशात त्याची एक बाजू दिसायची, मग दुसरी. प्रत्येक हेलकाव्याला गाडीची शेपटी बरोबर जात होती. बायकोने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि कंट्रोलरची बारकी दांडी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. पाच-सहा हेलकाव्यांनी तो शांत झाला. गाडीचा ब्रेक दाबला असता तर ट्रेलर मागून गाडीवर चढला असता. पुढच्या एक्झिटला उतरून सगळं वजन ॲक्सलच्या पुढे हलवलं, आणि उरलेला रस्ता तोच वारा असूनही तो ट्रेलर सरळ आला.

घाटासाठी एवढंच. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी उतरते. ९,९४० फुटांच्या वरच्या टायोगा पासवर जवळजवळ तीस टक्के गेलेली असते. टर्बोला हा फटका पुष्कळ कमी बसतो, म्हणून सिएरा किंवा कोलोरॅडोत नेहमी जाणार असाल तर मी टर्बोकडे झुकेन. ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, ही खंडाळ्याच्या घाटात शिकलेली गोष्ट इथे जशीच्या तशी लागू आहे. ओढताना वापरायचा टो-हॉल मोड गाडीत असतो तो लावा, खालचा गिअर धरा, ब्रेकवर पाय टेकवून बसू नका. योसेमिटीला हायवे १२० ने जाताना नव्या प्रीस्ट ग्रेडनेच जा. जुना रस्ता जवळचा दिसतो, ट्रेलरसाठी तो नाही.

विकत घेण्याआधी आणि नंतर, काट्यावर

हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. वीस डॉलरच्या आत वजन करून कागद मिळतो. ट्रेलर घेण्याआधी एकदा जा: टाकी भरा, घरचे सगळे बसवा, नेहमीचं सामान डिकीत घाला आणि फक्त गाडी काट्यावर घ्या. दारावरच्या दुसऱ्या स्टिकरवर गाडीचा जीव्हीडब्ल्यूआर असतो. त्यातून हे वजन वजा केलं की टंगसाठी नेमके किती पौंड उरले ते कळतं. अंदाज संपला.

ट्रेलर आल्यावर दोनदा करा. एकदा जोडून, भार वाटणाऱ्या दांड्या न लावता, एकदा ट्रेलर सोडून. आपल्या उदाहरणात नुसती गाडी: पुढचा ॲक्सल २,६४०, मागचा २,५६०, एकूण ५,२००. जोडल्यावर: पुढचा २,५६०, मागचा ३,१२०, ट्रेलरची चाकं ३,४२०, एकूण ९,१००. ९,१०० वजा ५,२०० म्हणजे ट्रेलर ३,९००. गाडीवर आलेला भार ५,६८० वजा ५,२००, म्हणजे ४८०. ट्रेलरच्या १२.३ टक्के, छान. पुढची चाकं ८० पौंडांनी हलकी झाली, ती दांड्या लावून परत आणायची. मागच्या ॲक्सलची मर्यादाही दाराच्या चौकटीवरच असते, ३,१२० तिच्या आत हवं.

पहिली सहल घरापासून चाळीस-पन्नास मैलांवरची ठेवा. चाकांचे नट १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावलेल्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. दुसऱ्या राज्यांत जास्त वेग चालत असला तरी ट्रेलरचे बरेचसे टायर ६५ मैलांच्याच वेगाचे असतात. आणि एक चिकटपट्टी घेऊन त्यावर ट्रेलरची एसीसकट उंची, टायरमधली हवा आणि नटांचा टॉर्क जाड पेनाने लिहून ती स्टिअरिंगजवळ लावा. पेट्रोल पंपाच्या छताखाली शिरताना आकडा आठवत बसावं लागत नाही.